तार, तुरुंग आणि बहिष्कार : मसर पितापुत्र व मॉर्मन पंथातील मतभेद

प्रस्तावना

धर्मसंस्थेशी मतभेद करणारा मनुष्य म्हटला की, नवे काही सांगणारा आणि जुनी चौकट मोडू पाहणारा सुधारक आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. धर्मेतिहासाच्या पाठ्यपुस्तकांनी ही प्रतिमा इतकी रूढ केली आहे की, तिच्यात न बसणारी माणसे अभ्यासकाच्या नजरेतून सहज निसटतात. मतभेदाचा आणखी एक प्रकार आहे. त्यात मनुष्य जागचा हलत नाही, संस्थाच पुढे सरकते. काल ज्या आचरणासाठी पित्याचा गौरव झाला, त्याच आचरणासाठी आज पुत्राला पंथाबाहेर काढले जाते. अशा वेळी पाखंडी कोणास म्हणावे, हा प्रश्न वाटतो तितका सरळ राहत नाही.

प्रस्तुत लेखात अमेरिकेतील युटा प्रदेशातील अशाच एका पितापुत्रांच्या चरित्राचा विचार केला आहे. पिता अमोस मिल्टन मसर (१८३० ते १९०९) हे मॉर्मन पंथाच्या तारायंत्र कंपनीचे अधीक्षक होते. पुत्र जोसेफ व्हाइट मसर (१८७२ ते १९५४) हे व्यवसायाने लघुलेखक होते आणि पुढे त्या पंथातील सर्वांत चिवट मतभेदाचे प्रमुख लेखक बनले. पित्याचा काही काळ मुंबई आणि कराची येथे गेला होता, हे या चरित्राकडे मराठी अभ्यासकाचे लक्ष वेधणारे आणखी एक कारण होय.

पार्श्वभूमी

मॉर्मन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चर्चची स्थापना जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात केली. ईश्वर आजही प्रेषितामार्फत बोलतो, ही या पंथाची मध्यवर्ती श्रद्धा. १८४४ मध्ये इलिनॉय राज्यात जमावाने स्मिथ यांची हत्या केली. त्यानंतर ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली बहुसंख्य अनुयायी पश्चिमेकडे निघाले आणि जुलै १८४७ मध्ये ग्रेट सॉल्ट लेकच्या ओसाड खोऱ्यात स्थिरावले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जिवंत प्रेषितावर श्रद्धा असणाऱ्या पंथात काल आलेल्या आज्ञेला आजची आज्ञा मागे सारू शकते. ही त्या पंथाची लवचीकता आहे, आणि मतभेदाचे बीजही तिच्यातच दडलेले आहे. मसर कुटुंबाची सारी कथा या एका गाठीभोवती फिरते.

कोलकाता, मुंबई, कराची

मिल्टन मसर यांचा जन्म पेनसिल्व्हानियातील लँकेस्टर परगण्यात झाला. १८५१ मध्ये ते युटात पोहोचले. पुढच्याच वर्षी, २८ व २९ ऑगस्ट १८५२ रोजी सॉल्ट लेक सिटी येथे पंथाची विशेष परिषद भरली. या परिषदेत दोन गोष्टी घडल्या. तोपर्यंत आतल्या वर्तुळापुरती असलेली बहुपत्नीत्वाची शिकवण प्रथमच जाहीरपणे मांडली गेली. त्याचबरोबर शंभराहून अधिक प्रचारकांची जगाच्या निरनिराळ्या भागांत नेमणूक झाली. हिंदुस्थानसाठी निवडलेल्या नऊ जणांत बावीस वर्षांचे मिल्टन मसर होते. ज्या शिकवणीपायी पुढे त्यांना तुरुंगात जावे लागले, ती शिकवण आणि त्यांचा हिंदुस्थानचा प्रवास अशा रीतीने एकाच सभेतून निघाले.

जानेवारी १८५३ मध्ये ही मंडळी सॅन फ्रान्सिस्कोहून 'मान्सून' नावाच्या जहाजाने निघाली आणि एप्रिलच्या अखेरीस कोलकात्यास उतरली. त्याच महिन्यात, १६ एप्रिल रोजी, बोरीबंदर ते ठाणे ही हिंदुस्थानातील पहिली प्रवासी आगगाडी धावली होती. त्या सुमारास डॉ. ओशॉघ्नेसी यांच्या देखरेखीखाली कोलकाता, आग्रा आणि मुंबई यांना जोडणाऱ्या तारमार्गाचे काम हाती घेतले जात होते. फेब्रुवारी १८५५ मध्ये ही तार सर्वसामान्यांसाठी खुली झाली. पुढे आयुष्याची ऐन वर्षे तारेच्या कामात घालवणारा हा तरुण हिंदुस्थानात होता तो काळ असा होता.

प्रचारकार्यात मात्र त्यांना यश आले नाही. स्कॉटलंडहून आलेले ह्यू फिंडले १८५२ पासून मुंबई व पुणे येथे काम करीत होते, आणि पुण्याच्या छावणीत त्यांनी एक लहानशी मंडळीही जमवली होती. मसर यांनी कोलकात्यानंतर मुंबई आणि कराची येथे प्रयत्न केला. ऐकणारे बहुधा युरोपीय सैनिक आणि नोकरवर्गातले लोक असत. बहुपत्नीत्वाची वार्ता वृत्तपत्रांतून प्रचारकांच्या आधीच येऊन पोहोचलेली असे. पदरी पैसा न बाळगता, लोक देतील त्यावर राहावयाचे, हा या प्रचारकांचा नियम. हिंदुस्थानात भिक्षेवर राहणारा गोसावी वा फकीर लोकांना परिचयाचा होता. गोऱ्या कातडीच्या मनुष्याने तसे राहावे, हे छावणीतल्या साहेबांना मात्र मानवले नसावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. १८५६ पर्यंत हे प्रचारकार्य आटोपले. मसर इंग्लंडमार्गे पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून १८५७ मध्ये युटात परतले.

तारेचे जाळे

अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणारी तार २४ ऑक्टोबर १८६१ रोजी सॉल्ट लेक सिटी येथेच जुळली. ब्रिगहॅम यंग यांनी तिचे स्वागत केले होते. पण ही तार बाहेरच्या कंपनीची होती आणि पूर्व-पश्चिम जात होती. मॉर्मन वसाहती उत्तर-दक्षिण पसरलेल्या होत्या. म्हणून यंग यांनी पंथाची स्वतःची तार टाकण्याचे ठरवले. प्रत्येक वसाहतीने आपल्या हद्दीतले खांब तोडून आणून उभे करावेत, मजुरी श्रमदानाने व्हावी, आणि तार, विद्युत्घट व यंत्रे पूर्वेकडून विकत आणावीत, अशी योजना होती. १८६६ मध्ये बैलगाड्यांचा तांडा हे सामान घेऊन मैदाने ओलांडून आला. जानेवारी १८६७ मध्ये दक्षिण टोकाच्या सेंट जॉर्ज या वसाहतीपर्यंत सुमारे ५०० मैलांची तार कार्यान्वित झाली. 'डेझरेट टेलिग्राफ कंपनी' या नावाने ती नोंदली गेली आणि तिच्या अधीक्षकपदी मिल्टन मसर यांची नेमणूक झाली.

अधीक्षकाचे काम कचेरीत बसून होणारे नव्हते. वादळाने खांब पडत, बर्फाने तार तुटे, विद्युत्घटांतील द्रावण वेळेवर बदलावे लागे. लांब अंतरावर संदेश क्षीण होई, म्हणून मधल्या ठाण्यांवर तो पुन्हा जोरकस करून पुढे पाठवणारी यंत्रे बसवावी लागत. त्याहून अवघड प्रश्न होता तारमास्तरांचा. मॉर्सच्या कळीची कडकट्ट ऐकून सरळ अक्षरे लिहून घेणारा मनुष्य एका दिवसात तयार होत नाही. त्यासाठी वसाहतींतून तरुण निवडून सॉल्ट लेक सिटी येथे शिकवले गेले. त्यांत तरुणींची संख्या लक्षणीय होती. ॲरिझोनातील पाइप स्प्रिंग येथील एका विशीच्या आतल्या तरुणीने १८७१ मध्ये त्या प्रदेशातील पहिले तारठाणे चालवले. तारमास्तरांना पगार पुष्कळदा धान्य, कापड अशा जिनसांच्या रूपाने मिळे. तार चालवणे हा या मंडळींच्या लेखी धर्मकार्याचाच भाग होता.

१० मे १८६९ रोजी युटातील प्रॉमोंटरी येथे पूर्व व पश्चिमेकडून आलेले लोहमार्ग जुळले. शेवटचा खिळा ठोकला जाताच रेल्वेच्या तारमास्तराने 'झाले' एवढाच शब्द देशभर धाडला. १० जानेवारी १८७० पर्यंत मॉर्मनांनी स्वतःच्या श्रमाने बांधलेला जोडमार्ग सॉल्ट लेक सिटीपर्यंत आला. रेल्वेबरोबर खाणमालक आले, व्यापारी आले, वृत्तपत्रे आली आणि वॉशिंग्टनचे न्यायाधीश आले. पंथातच एक मोठी फूट याच सुमारास पडली. विल्यम गॉडबी प्रभृती व्यापारी व लेखकांनी यंग यांच्या आर्थिक धोरणास उघड विरोध केला आणि ऑक्टोबर १८६९ मध्ये त्यांना बहिष्कृत करण्यात आले. हे लोक रूढ अर्थाने सुधारक होते. त्यांची चळवळ काही वर्षांतच विरून गेली. ज्या मतभेदाने पुढे शतकभर तग धरला तो निराळ्या घरात, तार कंपनीच्या अधीक्षकाच्या घरात, वाढत होता.

श्रद्धा आणि आचरण

मिल्टन मसर यांना चार पत्नी होत्या. संघराज्याच्या कायद्याने १८६२ मध्येच बहुपत्नीत्व हा गुन्हा ठरला होता, पण तो अमलात आणणे अवघड होते. हा कायदा धर्मस्वातंत्र्याच्या घटनात्मक हमीविरुद्ध आहे, असा मॉर्मनांचा दावा होता. १८७९ मध्ये रेनॉल्ड्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. कायदा मनुष्याच्या श्रद्धेत हस्तक्षेप करू शकत नाही, आचरणात करू शकतो, असे त्या निर्णयाचे सूत्र होते. १८९० मध्ये डेव्हिस विरुद्ध बीसन या दुसऱ्या मॉर्मन खटल्यात ते पुन्हा मांडले गेले.

या सूत्राचा प्रवास आपल्या अंगणापर्यंत झालेला आहे. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदूंच्या द्विभार्या विवाहास बंदी करणारा कायदा केला. त्याची घटनात्मकता १९५१ साली नरसू अप्पा माळी खटल्यात मुंबई उच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी श्रद्धा आणि आचरण यांतील भेद दाखवताना डेव्हिस विरुद्ध बीसन या निवाड्याचाच आधार घेतला. युटातील खटल्यांतून आलेले तर्कशास्त्र महाराष्ट्रातील एका वैवाहिक खटल्यात असे उपयोगी पडले. विधी आणि समाजशास्त्र यांच्या विद्यार्थ्यांनी हा धागा अवश्य तपासावा.

मॉर्मनांच्या दृष्टीने मात्र हा भेद पोकळ होता. ज्या श्रद्धेचे सारच आचरणात आहे, तिला 'श्रद्धा ठेवा, पण आचरू नका' असे सांगण्यात काय अर्थ, असा त्यांचा सवाल होता. सवाल बिनतोड वाटला, तरी त्याची दुसरी बाजू दृष्टीआड करता येत नाही. ही श्रद्धा एकट्या पुरुषाच्या आचरणाने पुरी होत नव्हती. तिचा भार स्त्रिया आणि मुले यांच्यावर पडत होता, आणि खटला उभा राहिला की साक्षीसाठीही त्यांनाच बोलावले जाई.

पहिला तुरुंग

१८८२ च्या एडमंड्स कायद्याने विवाहाचा पुरावा देण्याची गरज उरली नाही. एकाहून अधिक स्त्रियांशी सहवास सिद्ध झाला की सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ३०० डॉलरपर्यंत दंड, अशी शिक्षा ठरली. मार्शल गावोगाव फिरू लागले. असे मार्शल निघाल्याची सूचना सांकेतिक शब्दांत पुढच्या गावास देण्याचे काम तेव्हा डेझरेट तारेनेच केले. पाठ्यपुस्तकांतून तारायंत्राचे वर्णन राज्यसत्तेचे साधन म्हणून येते. येथे ते राज्यसत्तेला चुकवण्याचे साधन झाले होते.

मिल्टन मसर यांनी १८७६ च्या सुमारास अधीक्षकपद सोडले होते. १८७८ मध्ये त्यांनी पंथाच्या बचावार्थ एक पुस्तिकाही प्रसिद्ध केली होती. मे १८८५ मध्ये ते दोषी ठरले. यापुढे कायदा पाळण्याचे वचन दिल्यास न्यायाधीश शिक्षेत सौम्यता दाखवण्यास तयार होते. मसर यांनी वचन दिले नाही. सहा महिन्यांची कैद आणि ३०० डॉलर दंड स्वीकारून ते सॉल्ट लेक सिटीच्या शुगर हाउस भागातील तुरुंगात गेले. असे कैदी बाहेर येत तेव्हा त्यांचे स्वागत होई, आणि शिक्षा हे मानचिन्ह समजले जाई. त्या वेळी जोसेफ तेरा वर्षांचे होते. वडील तुरुंगात आहेत आणि सारे गाव त्यांना मानते, असा तो काळ. तेरा वर्षांच्या मुलाच्या मनावर याचा कोणता ठसा उमटला, हे त्याच्या पुढील साठ वर्षांच्या वागण्यातून वाचता येते.

आज्ञा बदलते

१८८७ च्या कायद्याने चर्चची मालमत्ता जप्त होऊ लागली. तेव्हाचे अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी सप्टेंबर १८९० मध्ये जाहीरनामा काढून यापुढे असे विवाह न करण्याचा सल्ला दिला. ६ ऑक्टोबरच्या परिषदेने तो मान्य केला. ४ जानेवारी १८९६ रोजी युटाला राज्याचा दर्जा मिळाला. पण काही विवाह गुप्तपणे, वरिष्ठांच्या संमतीने, होतच राहिले. तेव्हा १९०४ मध्ये अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ यांनी दुसरा जाहीरनामा काढून अशा विवाहास बहिष्काराची शिक्षा ठरवली.

या दोन जाहीरनाम्यांमधली चौदा वर्षे हीच खरी अडचणीची जागा आहे. उघड बोलणे एक आणि आतले आचरण दुसरे, अशा या काळात जोसेफ मसर तरुण झाले. ते धर्मप्रचार करून आले, लघुलेखनाच्या व्यवसायात पडले आणि स्थानिक उच्च मंडळाचे सभासदही झाले. पिता कळीच्या कडकट्टीतून दुसऱ्यांचे शब्द टिपणाऱ्यांवर देखरेख करीत असे, पुत्र पेन्सिलीच्या रेघांतून दुसऱ्यांचे शब्द टिपू लागला. बहुपत्नीत्व स्वीकारावे असा निरोप आपल्याला १८९९ मध्ये वरिष्ठांकडून मिळाला होता, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. पहिला विवाह १८९२ मध्ये झाला होता. जाहीरनामे निघाल्यानंतरही त्यांनी आणखी विवाह केले.

१९०९ मध्ये वरिष्ठांनी त्यांना चौकशीसाठी बोलावले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मिल्टन मसर वारले. ते त्या वेळी चर्चचे सहाय्यक इतिहासकार होते आणि संस्थेशी त्यांचा कोणताही तंटा नव्हता. जाहीरनाम्यानंतर पित्याला प्रश्न पडला नाही, कारण त्यांचे चारही संसार आधीच उभे राहिलेले होते आणि आज्ञेचे पालन करूनच उभे राहिलेले होते. पुत्राला मात्र निवड करावी लागली. १९२१ मध्ये जोसेफ मसर बहिष्कृत झाले.

'ट्रुथ' आणि दुसरा तुरुंग

बहिष्कृतांचा एक गट लॉरिन वूली यांच्याभोवती जमला होता. तिसरे अध्यक्ष जॉन टेलर यांना २७ सप्टेंबर १८८६ रोजी सेंटरव्हिल येथील वूली कुटुंबाच्या घरी असताना ईश्वरी संदेश मिळाला, आणि बहुपत्नीत्व कधीही खंडित होऊ नये म्हणून काही जणांना स्वतंत्र अधिकार देण्यात आला, असे या गटाचे सांगणे होते. चर्चने १९३३ च्या अधिकृत निवेदनात याचा स्पष्ट इन्कार केला. २०२५ मध्ये चर्चच्या इतिहास ग्रंथालयाने त्या संदेशाचे हस्तलिखित आपल्या संग्रहातून अभ्यासकांना उपलब्ध करून दिले, त्यामुळे या वादाची चर्चा आता अधिक ठाम आधारावर करता येते. संदेशाचा कागद असणे आणि स्वतंत्र अधिकार दिला जाणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मात्र विसरता कामा नये.

वूली यांनी नेमलेल्या सात जणांच्या मंडळात जोसेफ मसर होते. जून १९३५ पासून ते 'ट्रुथ' हे मासिक संपादू लागले. या मासिकाची पद्धत पाहण्यासारखी आहे. मसर स्वतःचे तत्त्वज्ञान फारसे मांडत नाहीत. ते जुन्या नेत्यांची प्रवचने उतरवून छापतात, त्यांतील वचने एकापुढे एक ठेवतात आणि वाचकाला विचारतात की, हे खोटे होते काय? टिपून ठेवलेला शब्द बदलत नाही, ही लघुलेखकाची निष्ठाच येथे धर्मनिष्ठा झाली आहे. आज्ञा बदलू शकते, हे पंथाचे मूळ तत्त्वच त्यांना अमान्य झाले होते, आणि त्या अर्थाने जुन्याला चिकटून राहिलेला हा मनुष्य नकळत एक नवे तत्त्व मांडत होता.

७ मार्च १९४४ रोजी संघराज्य आणि राज्य यांच्या अधिकाऱ्यांनी एकाच वेळी अनेक ठिकाणी धाडी घातल्या. मे १९४५ मध्ये पंधरा पुरुष बेकायदा सहवासाच्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेले. शिक्षा पाच वर्षांपर्यंतची होती. तुरुंग तोच होता, शुगर हाउसचा. साठ वर्षांपूर्वी मे महिन्यातच पित्याच्या मागे त्याचे दार बंद झाले होते. फरक इतकाच की, तेव्हा बाहेर सारा समाज स्वागताला उभा होता. आता तोच समाज फिर्यादीच्या बाजूस होता आणि चर्चचे वरिष्ठ सरकारी कारवाईचे समर्थन करीत होते.

काही महिन्यांनी सरकारने सुटकेसाठी हमीपत्र पुढे केले. बहुपत्नीत्वाचा पुरस्कार करणार नाही, ते शिकवणार नाही, त्यास मान्यता देणार नाही, असे लिहून द्यावयाचे होते. बहुतेकांनी सही केली. त्र्याहत्तर वर्षांच्या जोसेफ मसर यांनीही केली आणि डिसेंबर १९४५ मध्ये ते बाहेर आले. पित्याने न्यायालयात जे वचन नाकारले होते, ते पुत्राने तुरुंगात दिले. काही अभ्यासक याकडे दुबळेपणा म्हणून पाहतात. प्रस्तुत लेखकास ते पटत नाही. पित्यापुढे सहा महिन्यांचा प्रश्न होता आणि पाठीशी समाज होता. पुत्रापुढे कदाचित उरलेले सारे आयुष्य होते आणि पाठीशी मूठभर कुटुंबे. शिवाय सुटकेनंतर 'ट्रुथ' बंद पडले नाही, आणि त्याचा सूरही बदलला नाही.

दुसऱ्या एका खटल्यात, बहुपत्नीत्वाचा पुरस्कार करण्याचा कट केल्याच्या आरोपाखाली, मसर यांचे नाव अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या न्यायालयाने १९४८ मध्ये प्रकरण परत पाठवले आणि १९५० मध्ये युटाच्या सर्वोच्च न्यायालयाने संबंधित तरतूद संदिग्ध ठरवून मसर यांच्या बाजूने निर्णय दिला. आचरण दंडनीय असले तरी मतप्रतिपादनाची मुभा असली पाहिजे, हा मुद्दा त्यामुळे पुढे आला. रेनॉल्ड्स खटल्यातील जुन्या भेदाने मॉर्मनांचे कंबरडे मोडले होते; या वेळी तोच भेद एका मतभेदकाच्या उपयोगी पडला. पुढे २०२० मध्ये युटा राज्याने प्रौढांच्या संमतीने चालणारे बहुपत्नीत्व किरकोळ अपराधाच्या वर्गात आणले. मात्र फसवणूक, सक्ती किंवा अल्पवयीन मुलींशी विवाह यांसाठी कडक शिक्षा कायम ठेवल्या. या पंथभेदातून निघालेल्या एका गटाचा नेता वॉरेन जेफ्स याला २०११ मध्ये अल्पवयीन मुलींवरील अत्याचारासाठी जन्मठेप झाली. त्या पार्श्वभूमीवर या शिक्षा कायम राहणे अपरिहार्यच होते.

अखेर

डिसेंबर १९४९ मध्ये जॉन बार्लो वारल्यावर मंडळाचे नेतृत्व मसर यांच्याकडे आले. तोवर ते अर्धांगवायूच्या झटक्यांनी खचले होते. आपल्यावर उपचार करणारे वैद्य रूलन ऑल्रेड यांना त्यांनी उत्तराधिकारी म्हणून पुढे आणले, तेव्हा मंडळातील जुन्या सभासदांनी ते मानले नाही. जिवंत नेत्याचा नवा शब्द खरा की आधी ठरलेला क्रम खरा, असा हा वाद होता. चर्चने त्यांच्यापुढे टाकलेला प्रश्न आता त्यांच्याच अनुयायांनी उलटून त्यांच्यापुढे टाकला, आणि या वेळी मसर नव्या शब्दाच्या बाजूने उभे राहिले. जानेवारी १९५२ मध्ये त्यांनी नवे मंडळ नेमले व गट दुभंगला. २९ मार्च १९५४ रोजी त्यांचे निधन झाले. 'ट्रुथ' त्यानंतर दोन वर्षे निघत होते.

डेझरेट कंपनीची तार १९०० मध्येच वेस्टर्न युनियनला विकली गेली होती. शुगर हाउसचा तुरुंग १९५१ मध्ये रिकामा करण्यात आला. ज्या आवारात पिता सन्मानाने आणि पुत्र लज्जेने राहिला, तेथे पुढे एक माध्यमिक शाळा आणि सार्वजनिक उद्यान झाले.